सिगारेट आणि संधिवात: ओपीडीतले नेहमीचे प्रश्न

परळच्या एका रुग्णालयात संधिवाताच्या ओपीडीत मी समुपदेशक म्हणून बसते. डॉक्टर औषध लिहून देतात आणि पेशंट फाइल घेऊन माझ्या टेबलाशी येतो. गोळी कुठल्या वारी घ्यायची, रक्त पुन्हा कधी तपासायचं, हे सांगून झालं की मी सिगारेट-बिडीचं विचारते. डॉक्टरांसमोर 'नाही' म्हणालेले बरेच जण इथे 'म्हणजे, कधीतरी' म्हणतात. तिथून जे प्रश्न सुरू होतात ते खाली लिहिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. पण कारण अर्धवट सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि खाली उतरून टपरीवर जातो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

हा संधिवात म्हणजे गुडघे झिजतात तोच ना?

नाही. वयानुसार गुडघ्याची कूर्चा झिजते तो आजार वेगळा. इथे आपण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसबद्दल बोलतोय. आयुर्वेदात ज्याला आमवात म्हणतात, त्याच्याशी याची लक्षणं बरीच जुळतात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतलं पातळ अस्तर सुजून जाड होतं आणि शेजारची कूर्चा, हाड कुरतडायला लागतं. बोटांचे मधले आणि मुळाकडचे सांधे, मनगटं, पायांचे चवडे आधी धरतात, तेही सहसा दोन्ही बाजूंचे. सकाळी तासभर मूठ वळत नाही, नळ पिळवत नाही, लोकलमध्ये वरची कडी पकडवत नाही. शंभरात साधारण एकाला किंवा त्याहून थोड्या कमी लोकांना हा आजार होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने जास्त.

धूर जातो छातीत. मग बोटं का सुजतील?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर नीट समजलं तर पुढचं सगळं समजतं.

आपल्या शरीरातली प्रथिनं अमिनो आम्लांच्या माळेने बनतात. त्यातला एक मणी म्हणजे आर्जिनिन. पीएडी नावाची काही एन्झाइम, म्हणजे शरीरातले रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं, या आर्जिनिनचं रूपांतर सिट्रुलिनमध्ये करतात. आर्जिनिनवर धन विद्युतभार असतो, सिट्रुलिनवर तो नसतो. एवढ्याशा फरकाने प्रथिनाची घडी बदलते. निरोगी माणसातही हे थोड्या प्रमाणात चालूच असतं. पण धुराने फुफ्फुसाच्या आतल्या बाजूला सतत इजा होत राहिली की तिथे ही एन्झाइम जास्त कामाला लागतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसातून धुऊन काढलेल्या पेशी तपासल्या तेव्हा त्यांत अशी बदललेली प्रथिनं जास्त सापडली.

आता फुफ्फुस म्हणजे काही नुसता भाता नाही. आत आलेली प्रत्येक वस्तू आपली की परकी हे तपासणाऱ्या पेशी तिथे सतत पहाऱ्यावर असतात. बदललेली प्रथिनं त्यांना ओळखीची वाटत नाहीत, म्हणून त्या त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करायला लावतात. रक्ताच्या रिपोर्टवर 'अँटी-सीसीपी' लिहिलेलं असतं ते याच प्रतिपिंडांचं मोजमाप. ती रक्तातून अंगभर फिरतात. सांध्याच्या अस्तरातही सिट्रुलिनवाली प्रथिनं असतात, विशेषतः तिथे काही कारणाने थोडी सूज आली की. मग हल्ला तिथे होतो.

म्हणजे बरेचदा भांडण छातीत सुरू होतं आणि मार सांध्यांना बसतो. मधे बराच काळ जातो. अनेकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं पहिलं बोट सुजायच्या काही वर्षं आधीच तयार झालेली असतात. त्यामुळे 'इतकी वर्षं पितोय, काही झालं नव्हतं' या वाक्याचा दिलासा फार धरू नका.

आमच्या ऑफिसात सगळेच पितात. मलाच का झालं?

कारण धूर एकटा सगळं करत नाही, त्याला शरीरात साथीदार लागतो. पेशींच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवणारे एचएलए-डीआर नावाचे रेणू असतात. काही लोकांना आईवडिलांकडून त्याचा असा प्रकार मिळतो, की सिट्रुलिनवाले तुकडे त्यात घट्ट बसतात. मग रोगप्रतिकार पेशींना ते फार ठळक दिसतात.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६ साली या दोन गोष्टींचा एकत्र हिशेब मांडला. आईकडून आणि वडिलांकडून, अशा दोन्हीकडून हा जनुकप्रकार आलेला आणि शिवाय सिगारेट ओढणारा माणूस, त्याची तुलना जनुकही नाही आणि सिगारेटही नाही अशा माणसाशी केली, तर प्रतिपिंडांसह होणाऱ्या या संधिवाताचा धोका २१ पट निघाला. जनुक आपल्या हातात नाही. दुसरी गोष्ट मात्र आहे.

आजार झालाच आहे. आता सिगारेटने आणखी काय बिघडणार?

पुष्कळ. मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं असतं ते हेच, कारण इथेच लोक हात टेकतात.

रोगप्रतिकार पेशींमध्ये टी पेशींचा एक गट आहे, टीएच-१७ पेशी. त्या आयएल-१७ नावाचा रासायनिक संदेश सोडतात आणि या संदेशाने सूज भडकते. या पेशींच्या आत एक संवेदक असतो, अरिल हायड्रोकार्बन रिसेप्टर, थोडक्यात एएचआर. प्रदूषणातली, जळण्यातून निघणारी तेलकट रसायनं ओळखणं हे त्याचं काम. सिगारेटच्या डांबरात बेंझोपायरीनसारखी अशी रसायनं असतात. ती एएचआरला चिकटली की तो पेशीच्या केंद्रकात जातो आणि काही जनुकं सुरू करतो. सूज वाढते.

ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठाच्या रिबेराओ प्रेतो इथल्या गटाने यावर उंदरांत काम केलं. सांधे सुजवलेल्या उंदरांना सिगारेटचा धूर दिला, सूज वाढली. ज्या उंदरांच्या टीएच-१७ पेशींमधून हा एएचआर काढून टाकला होता, त्यांच्यात धुराने तशी वाढ झाली नाही. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२१ मध्ये याच गटाने पुढचा धागा दाखवला. धुरामुळे टीएच-१७ पेशींत 'एमआयआर-१३२' नावाचा सूक्ष्म आरएनए वाढतो. पेशी तो बारीकशा पुड्यांत भरून बाहेर सोडतात, आणि हाड खाणाऱ्या पेशी ज्यांच्यापासून बनतात, त्यांच्यापर्यंत ह्या पुड्या पोचतात. परिणाम असा, की हाड खाणाऱ्या पेशी जास्त तयार होतात.

सूज औषधाने उतरते. खाल्लं गेलेलं हाड परत जागेवर येत नाही. एक्स-रेमध्ये सांध्याच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखी खाच दिसते ना, ती कायमची असते. म्हणून 'आता काय फरक पडतो' याला माझं उत्तर असतं: अजून न कुरतडलेले सांधे मोजा.

या सगळ्यात टीएनएफ कुठे बसतं? डॉक्टर सारखं तेच नाव घेतात.

सुजलेल्या अस्तरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी गोळा होतात आणि टीएनएफ, आयएल-६, आयएल-१ असे संदेश सोडतात. त्यांनी आणखी पेशी बोलावल्या जातात. तुम्हाला सांगितलेली बरीचशी महागडी इंजेक्शनं यातलाच एखादा संदेश अडवतात. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिलचाही हात असतो. त्या मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात सिट्रुलिनवाली प्रथिनं अडकलेली असतात, म्हणजे आगीत पुन्हा लाकूड. निकोटीन ही जाळी टाकायला चालना देतं असं प्रयोगांत दिसलं आहे.

मी पाकीट घेत नाही. दिवसाला दोन-तीन सुट्ट्या. त्याने काय होतंय?

डॉक्टर धूम्रपानाचा हिशेब 'पॅक-वर्ष' या मापात करतात. रोज २० सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक पॅक-वर्ष. रोज १० ओढल्या तर २० वर्षांत १० पॅक-वर्षं. जितकी पॅक-वर्षं जास्त तितका धोका जास्त, हे खरं. पण कमी म्हणजे निर्धोक असं नाही. स्वीडनमधल्या स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत दिवसाला १ ते ७ सिगारेटी ओढणाऱ्यांचाही धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळला.

सुट्ट्या सिगारेटचं आणखी एक आहे. महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि बिडी विकायला २०२० पासून बंदी आहे. तरी कटिंगबरोबर एक सहज मिळते, हे तुम्हालाही माहीत आहे. सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येत नाही, त्यामुळे त्यावरचं चित्र दिसत नाही, आणि दिवसभरात किती झाल्या याचा हिशेबही राहत नाही. आमच्याकडे 'दोन-तीन' म्हणणाऱ्या एका काकांना मी आठवडाभर प्रत्येक सिगारेटमागे खिशात एक काडी टाकायला सांगितलं. सातव्या दिवशी त्यांनी टेबलावर काड्यांची जुडी ठेवली. मोजली तर रोजच्या आठ निघाल्या. ते स्वतःच चकित झाले होते.

बिडी तर पानाची असते, ती नैसर्गिक नाही का?

टेंभुर्णीच्या पानात गुंडाळली म्हणून धूर सौम्य होत नाही. बिडी विझू नये म्हणून भराभर आणि खोल झुरके घ्यावे लागतात, आणि तिच्यातून डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त आत जातं. सांध्यांच्या दृष्टीने बिडी आणि सिगारेट एकाच रांगेत धरा.

मग मी मशेरी लावते, तंबाखू खाते. ते चालेल ना?

मावशी, हा प्रश्न बायकाच विचारतात आणि तो अगदी रास्त आहे, कारण आपल्याकडे धुरापेक्षा न जळणाऱ्या तंबाखूचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठला ना कुठला तंबाखू घेत होते, धूम्रपान करणारे मात्र ३.८ टक्के होते.

स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायचा 'स्नूस' नावाचा तंबाखू मिळतो. तो घेणाऱ्यांमध्ये या संधिवाताचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे मुख्य गुन्हेगार निकोटीन नसून जळून निघणारा धूर असावा, असा त्याचा अर्थ लावतात. पण स्नूस म्हणजे आपली मशेरी, मावा किंवा गुटखा नव्हे. आपल्याकडच्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, त्याबद्दल काहीही शंका नाही; परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरची रांग पाहिलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय तंबाखूने हिरड्या बिघडतात. हिरड्यांच्या आजारातला 'पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस' हा जंतू स्वतःच पीएडी एन्झाइम बनवतो. म्हणजे छातीत जो बदल धुरामुळे होतो, तसाच तो हिरड्यांत जंतूमुळे होऊ शकतो. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याला दाखवा आणि संधिवाताच्या डॉक्टरांनाही सांगा.

मी कधीच ओढली नाही. नवरा ओढतो.

दहा बाय बाराच्या खोलीत खिडकीशी उभं राहून ओढलेल्या सिगारेटचा धूर खोलीतच राहतो. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, घराला मात्र ती लागू नाही. लहानपणी घरात धूम्रपान होत असलेल्या मुलींना मोठेपणी या संधिवाताचा धोका जास्त असल्याचं पाहण्यांत दिसलं आहे. तेव्हा पुढच्या वेळी यजमानांना घेऊन या. मी त्यांच्याशी बोलते. ओरडणार नाही.

मेथोट्रेक्सेट घेतोच आहे. सिगारेटने औषध कमी पडतं का?

हो. स्वीडनमधल्याच २०११ च्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट, म्हणजे या संधिवाताची नेहमीची साधी गोळी, सुरू केल्यावर तीन महिन्यांनी पाहिलं. कधीच न ओढणाऱ्यांपैकी ३६ टक्के लोकांना चांगला गुण आला होता, ओढत असलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांत फरक आणखी मोठा: ४३ टक्के आणि २९ टक्के.

याचा खिशाशी थेट संबंध आहे. साधी गोळी लागू पडली नाही की डॉक्टर इंजेक्शनाकडे जातात, आणि तो खर्च अनेक घरांना झेपत नाही. बायको मंगळसूत्र गहाण ठेवून इंजेक्शन आणते आणि नवरा खाली जाऊन सिगारेट पेटवतो, हे मी पाहिलं आहे आणि मला ते फार लागलं.

जाता जाता: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज नाही.

मला पुढच्या टप्प्यातलं औषध सुरू करणार आहेत. त्याआधी सिगारेटबद्दल इतकं का विचारतात?

दोन कारणं. पहिलं टीबी. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांनी शरीरात दबून राहिलेला टीबी उठू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी करतात. धूम्रपानानेही टीबीचा धोका वाढतो. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात या दोन गोष्टी एकत्र येऊ देणं शहाणपणाचं नाही.

दुसरं, टोफासिटिनिबसारख्या गोळ्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये या गटाच्या औषधांवर गंभीर इशारा छापायला लावला. हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांचा धोका त्यात आहे, आणि सध्या किंवा पूर्वी धूम्रपान केलेल्यांना तो जास्त असल्याचं नमूद आहे. म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. दहा वर्षांपूर्वी सोडली असली तरी सांगा.

सिगारेट ओढली की दुखणं हलकं होतं. खरंच.

तुम्हाला तसं वाटतं, ते मी खोटं म्हणत नाही. रात्रभर निकोटीन न मिळाल्याने जी अस्वस्थता येते, ती पहिल्या झुरक्याने जाते. सकाळी आखडलेपण सर्वात जास्त असतं आणि ते हालचालीने आपोआप सैलही होतं. दोन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून श्रेय सिगारेटला जातं. गरम पाण्यात हात बुडवून दहा मिनिटं बोटं उघडमीट करून पाहा.

सोडली तर सांधे बरे होतील?

तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. सोडली म्हणून महिनाभरात सूज गेली असं सहसा होत नाही, आणि सोडली म्हणून औषध बंद करायचं तर मुळीच नाही. प्रतिपिंडं तयार झाली की ती लगेच विसरली जात नाहीत. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत, सिगारेट सोडून ३० वर्षं झालेल्यांमध्ये रक्तात प्रतिपिंडं असलेल्या संधिवाताचा धोका नुकत्याच सोडलेल्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे फायदा आहे, पण तो सावकाश येतो, म्हणून सुरुवात लवकर हवी.

फायदा लवकर दिसतो तो हृदयाला. या संधिवातात हृदयविकाराचा धोका तसाही साधारण दीडपट असतो, आणि सिगारेट त्यात भर घालते. फुफ्फुसाचंही तसंच. या आजारात फुफ्फुसाला चट्टे पडून दम लागू शकतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांत ते जास्त होतं.

मुंबईच्या हवेत रोज एवढी धूळ गिळतोच की. एक सिगारेट सोडून काय होणार?

धुळीचा मुद्दा खरा आहे. दगड फोडणं, खोदकाम, बांधकाम यातली सिलिका, म्हणजे दगड-वाळूची बारीक धूळ, हा या संधिवाताचा धोका वाढवणारा घटक आहे, आणि सिलिका व सिगारेट एकत्र आल्या की धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. मलेशियात कापडाच्या धुळीत काम करणाऱ्या बायकांमध्येही हा आजार जास्त आढळला. हे वाचलं तेव्हा मला गिरणगावातल्या आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका आठवल्या, बोटं वाकडी झालेल्या. त्यांना कुणी कारण विचारलं नव्हतं. पण धूळ आहे म्हणून धूर चालेल असा अर्थ निघत नाही, उलटाच निघतो. साइटवर काम असेल तर मास्क हवा आणि सिगारेट तर आधी सुटायला हवी.

माझ्या मुलाला होईल का?

रक्ताच्या नात्यात आजार असेल तर धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. कॉलेजात जाणारा मुलगा असेल तर त्याला हे पान वाचायला द्या.

सोडायची आहे, पण जमत नाही. करू काय?

एक बस कंडक्टर आमच्याकडे यायचे, लालबागचे. पहाटेची ड्यूटी. उठल्या उठल्या पहिली सिगारेट. पण बोटं इतकी आखडलेली असायची की त्यांना काडी ओढता येत नसे; बायको पेटवून द्यायची. हे सांगताना त्यांनी मान खाली घातली होती. मी त्यांना सोडायला सांगितलंच नाही. एवढंच ठरवलं की काडी स्वतःच्या हाताने ओढता आली तरच पहिली पेटवायची, वहिनींनी द्यायची नाही. बोटं सुटायला तास लागायचा. पहिली सिगारेट तासाने पुढे गेली, मग डेपोत पोचेपर्यंत राहिली. त्यानंतर डॉक्टरांनी निकोटीनचा पॅच दिला. चार महिन्यांनी सुटली. मधे गणपतीत दोनदा पुन्हा ओढली, तेही त्यांनी येऊन सांगितलं. पुन्हा ओढली म्हणजे सगळं वाया गेलं असं नसतं; दुसऱ्या दिवशी परत सुरू करायचं.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर व्यसन शरीराचं आहे, नुसत्या निश्चयावर सोडू नका. निकोटीनचा च्युइंगगम, पॅच, किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या गोळ्या असतात, त्या घेतलेल्या औषधांशी जुळतात का ते विचारून घ्या. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे आणि पाकिटावरही छापलेला असतो.

पुढच्या भेटीला येताना काय आणू?

ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांचा नवा रिपोर्ट आणि एक चिठ्ठी: दिवसाला किती, सिगारेट की बिडी, उठल्यावर पहिली किती वाजता, कितव्या वर्षापासून, घरात आणखी कोण ओढतं. खरे आकडे लिहा. वाईट दिसले तरी चालतील, मी तिथूनच सुरुवात करते.